फॅक्ट-चेकची लिंक टाकावी की मूळ कागद?

ग्रुपवर काहीतरी शंकास्पद येतं आणि आपल्याला गप्प बसवत नाही. अशा वेळी दोन गोष्टी करता येतात. कुणी आधीच तपासून ठेवलं असेल तर त्याची लिंक टाकायची. नाहीतर ज्याच्याबद्दल दावा केलाय तो मूळ शासन निर्णय (जीआर), मूळ कलम किंवा मूळ व्हिडिओ शोधून त्यातला नेमका तुकडा समोर ठेवायचा. २०१८पासून मी हे दोन्ही करत आलोय, सोसायटीच्या ग्रुपवर, घरच्या ग्रुपवर आणि शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरही. कुठला मार्ग धरावा याचा तुम्ही विचार करत असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. माझी माणसं वेगळी, तुमची वेगळी, हे मात्र लक्षात असू द्या.

लिंकचा मोठा गुण म्हणजे वेग. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतरच्या त्या तीन-चार रात्री आठवा. रात्री साडेदहाला वहिनींचा फोन आला, "भाऊजी, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार म्हणे, आत्ताच पैसे काढून आणू का?" तोवर केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने हा मेसेज खोटा असल्याचं जाहीर केलं होतं. मी ते पाठवलं आणि विषय संपला. त्याच दिवसांत पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचा म्हणून फिरलेला एक व्हिडिओ प्रत्यक्षात २०२०च्या बैरुतमधल्या स्फोटाचा निघाला. लढाईची दृश्यं म्हणून चक्क व्हिडिओ गेममधल्या क्लिप फिरत होत्या. अशा रात्री कुणी एकेक फ्रेम घेऊन बसत नाही. ज्यांनी आधीच तपासलंय त्यांचं काम पुढे पाठवणं हेच शहाणपणाचं. शिवाय फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर यांच्यासारख्यांचं काम मराठीतही येतं, त्यामुळे आईला इंग्रजी वाचून दाखवावं लागत नाही.

मग लिंकवरून माझं मन उडालं कशामुळे? तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझा निर्णय त्यावरच झाला.

जून २०२५. पहिलीपासून हिंदी हा विषय पेटलेला. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी अनिवार्य केली होती. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय निघाला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "दुसरी भाषा निवडताच येणार नाही, शंभर टक्के सक्ती." दुसरा म्हणे, "सक्ती केव्हाच काढली, उगाच बोंब मारताय." दोन्ही दावे अर्धवट होते. मी एका पोर्टलच्या पडताळणीची लिंक टाकली. चांगली, नीट लिहिलेली पडताळणी होती.

दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं, "या पोर्टलला पैसा कुठून येतो ते आधी सांग."

आणि गाडी जी तिकडे वळली ती परत आलीच नाही. पोर्टलचा मालक कोण, त्याने काही वर्षांपूर्वी काय लिहिलं होतं, त्यांनी अमक्या पक्षाची खोटी बातमी का पकडली नाही, असं पाऊण तास चाललं. जीआरमध्ये काय लिहिलंय याबद्दल एक ओळसुद्धा नाही. लिंक किती जणांनी उघडली हे मी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटलेल्यांना सहज विचारलं. एकानेही उघडली नव्हती. अकरा वाजता ॲडमिनने वैतागून 'फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग लावली.

हीच ती कटकट. लिंक टाकली की वाद दाव्यावरून उठतो आणि ती लिंक कुणाची यावर जाऊन बसतो. माझ्या बाबतीत हे दहापैकी सात-आठ वेळा झालं असेल. मोजलेलं नाही, पण आठवणीत तरी असंच आहे. काकांची शंका खोडसाळ होती असंही मी म्हणणार नाही. तपासणारा कोण, हा प्रश्न रास्तच आहे. पीआयबीचा विभाग केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरताच बोलतो, आणि तिथे तो स्वतःच एक बाजू असतो. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा कोणता मजकूर खोटा हे सरकारी फॅक्ट-चेक युनिटने ठरवावं, अशी २०२३ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ला रद्द ठरवली, तीही घाईत नव्हे. आधी दोन न्यायमूर्तींचं मत दुभंगलं, मग तिसऱ्यांकडे प्रकरण गेलं. इतका विचार झालेला प्रश्न काकांनी मला विचारला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी १७ जूनचा तो जीआर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवला. त्यातली दोनच वाक्यं कापली. एका वाक्यातल्या 'सर्वसाधारणपणे' या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढलं: हिंदी ही सर्वसाधारणपणे तिसरी भाषा असेल. दुसऱ्या वाक्यात अट होती, हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर त्या इयत्तेतल्या किमान २० विद्यार्थ्यांनी ती मागायला हवी. खाली संकेतांक दिला. माझं मत एका शब्दानेही घातलं नाही.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याच काकांचा मेसेज आला, "आणि वर्गात वीस मुलंच नसतील तर?"

मला हवा होता तो प्रश्न हाच! जिल्हा परिषदेच्या लहान शाळांत अख्ख्या शाळेचा पट वीसच्या आसपास असतो, तिथे पर्याय कागदावरच राहणार. आता वाद 'सर्वसाधारणपणे' या शब्दावर आणि त्या अटीवर आला, दोन्ही तटांतली माणसं एकाच परिच्छेदाकडे बोट दाखवून भांडायला लागली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाणार असं कळलं, तोपर्यंत आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना तो जीआर जवळजवळ पाठ झाला होता.

जीआर वाचायची सवय नसेल तर थोडं थांबून सांगतो, कारण इथे माझी एकदा चूक झालीय. जीआरमध्ये आधी 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, मग 'प्रस्तावना', आणि त्यानंतर 'शासन निर्णय'. मी एका वेगळ्या प्रकरणात प्रस्तावनेतली ओळ निर्णय म्हणून टाकली. मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की प्रस्तावनेत फक्त पार्श्वभूमी आणि मागण्या असतात, बंधनकारक काय ते 'शासन निर्णय' या शब्दांच्या खालीच. मी ग्रुपवर चूक मान्य केली. तेव्हापासून आधी तिथेच जातो. शेवटी तो अठरा आकडी संकेतांक बघतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फिरणाऱ्या फोटोतल्या तारखेशी ते जुळत नसतील तर सावध व्हायचं. आणि तो जीआर नंतर बदललाय का हे पाहिल्याशिवाय काही टाकायचं नाही. मूळ कागद जुना असेल तर तोही दिशाभूल करतो.

मूळ कागदाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो आपल्या बाजूलाही सोडत नाही. 'हिंदी ही राष्ट्रभाषा आहे' हा मेसेज दर महिन्याला येतो. त्यावर आमच्यातलेच काही जण तावातावाने लिहितात, 'हिंदीला घटनेत काहीच दर्जा नाही.' संविधानाचं कलम ३४३ उघडलं की दोघांनाही थांबावं लागतं: हिंदी संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा म्हणून कुठल्याच भाषेचा उल्लेख नाही. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि त्यात मराठी आहे. संविधान मराठीत उपलब्ध आहे, त्यामुळे भाषांतर कुणाचं हा वादही उरत नाही. म्हापशाच्या माझ्या मित्राशी असाच एकदा लांबलचक वाद झाला. तो म्हणाला, गोव्यात मराठीला काही स्थान नाही. मी म्हणालो, मराठी ही गोव्याची राजभाषाच आहे. आम्ही दोघंही चुकलो होतो. १९८७चा गोव्याचा राजभाषा कायदा देवनागरी लिपीतल्या कोंकणीला राजभाषा म्हणतो, आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल अशी तरतूद त्यातच आहे. कायद्यातला तो एक परिच्छेद दोघांनी मिळून वाचला. पुढे जे बोलणं झालं ते दोन भाषांवर प्रेम असलेल्या माणसांचं झालं.

अभिजात दर्जाचंही तसंच. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला तो दिला, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासोबत. लगेच मेसेज फिरले की आता मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली. ती सक्ती राज्याच्या २०२०च्या कायद्याने आलेली आहे, अभिजात दर्जाशी तिचा संबंध नाही. तो कायदा पुढे ठेवला आणि चर्चा मिटली.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मूळ कागद बरेचदा नसतोच. सैन्याच्या हालचालींचा जीआर निघत नाही. तिथे मी लिंककडे झुकतो, आणि तुम्हीही झुकावं असं वाटतं. तरीही एक अनुभव सांगतो. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. 'खोटी अफवा' म्हणून लिंक मीही पाठवली होती. घरच्या ग्रुपवर मावशी म्हणाली, "अरे, डोळ्यांनी दिसतंय ना, मग खोटं कसं?" लिंकसोबत जो छोटा फोटो येतो त्यावर मूळ दृश्यच होतं, वर 'खोटे' असा शिक्का. मावशीने फोटो पाहिला, शिक्का नाही. मग मी तो व्हिडिओ न कापलेला, शेवटपर्यंतचा पाठवला. तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करणारा होता. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. फिरणाऱ्या व्हिडिओतून नेमका तेवढाच भाग कापलेला होता. मावशीने फोन करून विचारलं, "हे आधी का नाही दाखवलंस?" त्यानंतर तिने तो आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही पाठवला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. पण मावशीपुरतं काम त्या शेवटच्या काही सेकंदांनी केलं होतं.

तो पूर्ण व्हिडिओ मला मिळाला कुठून? पडताळणी करणाऱ्यांच्याच लेखातून. म्हणून लिंक कमी दर्जाची असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांनी काढलेल्या कष्टांशिवाय मी कुठेच पोचलो नसतो. मी फक्त एवढं करतो, की त्यांचा लेख स्वतः आधी शेवटपर्यंत वाचतो, त्यात त्यांनी दिलेल्या मूळ गोष्टीपर्यंत जातो, आणि ग्रुपवर ती मूळ गोष्ट टाकतो. लेखाचं नाव कुणी विचारलं तर सांगतो. तुमच्याकडे वेळ कमी असेल, किंवा ग्रुपवरचे लोक त्या पोर्टलवर विश्वास ठेवणारे असतील, तर थेट लिंक टाकायला काहीच हरकत नाही. घरच्या ग्रुपवर ते चालून जातं. सोसायटीच्या, गावच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, जिथे चारही बाजूंचे लोक आहेत, तिथे मला तरी मूळ कागदाचाच हात धरावासा वाटतो. मूळ कागद शोधायला अर्धा तास जातो, कधी अख्खी संध्याकाळ. रोज जमत नाही, मग त्या दिवशी मी काहीच टाकत नाही.

सुरुवात करायची असेल तर फोनमध्ये तीन गोष्टी आजच उतरवून ठेवा: मराठीतलं संविधान, शासन निर्णयांच्या पानाचा शॉर्टकट, आणि फोटो मुळात कुठला हे शोधून देणारं (रिव्हर्स इमेज सर्च) एखादं ॲप. जीआर टाकताना पूर्ण पीडीएफ आणि कापलेला तुकडा दोन्ही टाका. फक्त तुकडा टाकलात तर पुढचं कुणीतरी विचारणारच, बाकीचं का लपवलंत म्हणून, आणि त्याचं ते विचारणं बरोबरच असेल.