इंजिन आधीच गरम असेल तर तिथूनच परत फिरा

जुन्या पिकअपला सेकंडहँड डिझेल इंजिन बसवायचा विचार असेल तर आधी हे वाचा, मग पैसे पाठवा. माझे 96,400 रुपये गेलेत. इंजिनचे 72,000, टेम्पोभाडं 4,500, फिटिंग, क्लचप्लेट आणि माउंटिंगचे 16,700, ऑइल-कूलंट-होजपाइपचे 3,200. भाजीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला ही रक्कम म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

गाडी 2008 ची, 2523 सीसीचं साधं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन. पिस्टन सीझ झाला, क्रँकही गेला. मिस्त्रीने कामाचे 85,000 सांगितले, म्हणून तयार इंजिन बघायचं ठरलं. मग सल्ले सुरू. कोणी म्हणालं सीआरडीआय, म्हणजे कॉमन रेलचं टाक, खेच वाढेल. अरे, कॉमन रेलला ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), वायरिंग, पंप, सेन्सर सगळं त्याच इंजिनचं लागतं, एक वायर तुटली की गाडी रस्त्यात उभी. दुसरा म्हणाला टाटा 207 चं 2956 सीसीचं टाक. बसेलही, माउंट कापून-जोडून, पण आरसीवर काय लिहिणार? जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल स्पष्टच सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही. म्हणून त्याच मॉडेलचं, तेच डीआय इंजिन शोधलं. आंधळेपणाने गेलो नव्हतो, एवढं तरी मान्य करा.

माल विकणारा गोड बोलणारा. 'टोटल लॉस गाडीचं आहे दादा, जास्त पळालेलंच नाही.' टोटल लॉस म्हणजे विम्याच्या हिशोबात दुरुस्तीपलीकडे गेलेली गाडी. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन स्टँडवर चढवलेलं, बॅटरी जोडलेली. ब्लॉकला हात लावला तर चटका बसला. 'तुमच्यासाठीच आत्ता चालवून बघितलं,' म्हणाला. सेल्फ मारला, अर्ध्या फेऱ्यात सुरू. आवाज गुळगुळीत, धूर नाही.

तिथेच. तिथेच कळायला हवं होतं! झिजलेलं डिझेल इंजिन खरं रूप दाखवतं ते थंडीत, पहाटेच्या पहिल्या सेल्फला. गरम इंजिन कोणाचंही चालू होतं. आणि इंजिन नंबर पंच केलेल्या जागेवर ताजा सिल्व्हर रंग होता, इतका ताजा की माझ्या अंगठ्याला लागला. मी तो पँटला पुसला आणि भावाची घासाघीस करत बसलो. सोबत मिस्त्री होता, त्यालाही काही वाटलं नाही. मग मलाच का वाटावं? त्या मिस्त्रीला दुकानातून काय मिळालं, ते त्याचं त्यालाच माहीत.

पंधरा दिवसांत चढाला दम तुटला. दुसऱ्या फिटरने ऑइलचं झाकण उघडलं तर भट्टीसारखा धूर वर आला. ड्रेन बोल्ट काढल्यावर बोटावर ऑइल घेऊन त्याने मला दाखवलं. थेंब पडेचना, मधासारखी तार धरत होता. इंजिन ऑइलमध्ये 140 नंबरचं गियर ऑइल मिसळलेलं. आवाज आणि धूर दोन्ही दाबायची ही जुनी युक्ती. डिपस्टिक नुसती बघू नका, बोटांत चोळून बघा.

नव्या इंजिनचा नंबर आरसीवर चढवायला गाडी आरटीओत नेली. इन्स्पेक्टरने थिनरचा बोळा फिरवला, रंग गेला आणि आकडे वेडेवाकडे, दोन तर उंचीलाही कमी. बिल बघितलं आणि हसला. दुकान महाराष्ट्रात, जीएसटी नंबर 24 ने सुरू. 24 म्हणजे गुजरात, आपला 27. जीएसटीच्या पोर्टलवर हा नंबर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. त्या हसण्याचा राग अजून जात नाही. बाहेर एजंट तयारच, '8,000 द्या, करून देतो.' चोरीचा नंबर कागदावर चढवायचे आठ हजार!

पोलीस ठाण्यात काय झालं ऐका. पहिल्या दिवशी 'साहेब बंदोबस्ताला'. नंतर 'दुकान आमच्या हद्दीत नाही'. अहो, बीएनएसएसच्या (नवी नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. तसं म्हटल्यावर 'हा सिव्हिल मॅटर आहे'. बनावट बिल, पुन्हा पंच केलेला नंबर, आणि सिव्हिल मॅटर? वर शहाणपण, 'इंजिन चोरीचं निघालं तर चोरीच्या मालाचं, न्याय संहितेचं कलम 317 तुम्हालाच लागेल.' म्हणजे लुटलेला मी आणि आरोपीही मीच. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर माल बघून पैसे दिलेत, सायबर होत नाही. ग्राहक आयोगात टेबलावरच्या माणसाने ऐकवलं, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः काम करणारा ग्राहकच असतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीदेखील नाही. ही पानं त्याच्यासमोर ठेवली तेव्हा कुठे अर्ज घेतला. तारीख अजून नाही.

घ्यायचंच असेल तर न सांगता सकाळी दुकान उघडायच्या वेळी जा. नंबरावर थिनर मारू देत नसेल तर गाडीत बसून परत या. ज्या गाडीचं इंजिन, तिच्या आरसीची झेरॉक्स आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. 'कागद नंतर पाठवतो' म्हणणाऱ्याला 'पैसे नंतर पाठवतो' म्हणा. मिस्त्री न्यायचा तर दुसऱ्या गावचा.

त्याचा फोन आता बंद आहे, दुकानावर पाटी दुसरी. तुमच्याकडेही असंच 24 वालं इंजिनाचं बिल आलं असेल तर गप्प बसू नका, लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला 'सिव्हिल' म्हणतात, चारपाच अर्ज झाले तर तोच शब्द वापरायला जड जाईल त्यांना.