वकिलीची सनद: बारावीनंतर पाच वर्षांचा लॉ की पदवीनंतर तीन वर्षांचा?

पाच वर्षांच्या लॉच्या बाजूने सगळ्यात आधी सांगितलं जातं ते हे, की वेळ वाचतो. वाचतो, पण एकच वर्ष. बारावीनंतर पाच म्हणजे साधारण तेविसाव्या वर्षी पदवी हातात; बी.कॉम. करून मग तीन वर्षांचं एलएल.बी. केलं तर चोविसाव्या. त्या एका वर्षापायी अठराव्या वर्षीच पुढची पाच वर्षं बांधून घ्यायची का, एवढंच ठरवायचं आहे. इंजिनिअरिंग किंवा चार वर्षांची ऑनर्स पदवी मध्ये आली तर फरक दोन वर्षांचा होतो, तेव्हा गणित थोडं बदलतं.

कोर्टात उभं राहायचा हक्क मात्र दोन्ही पदव्या सारखाच देतात. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये पाच वर्षांवाला वरचा आणि तीन वर्षांवाला खालचा अशी उतरंड नाही. एकदा राज्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव लागलं की सनद ती सनद. त्यामुळे महाराष्ट्रातल्या तालुका, जिल्हा किंवा उच्च न्यायालयात वकिली करायची असेल, तर या दोन कोर्सेसकडे एखाद्या वस्तूसारखं बघावं: काय द्यावं लागतं, काय मिळतं आणि कुठे बिघडतं.

पाच वर्षांच्या कोर्सची पहिली दोन वर्षं बहुतेक ठिकाणी बी.ए.सारखी जातात. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, इंग्रजी आणि अधूनमधून एखादा कायद्याचा पेपर. बी.बी.ए. एलएल.बी. घेतलं तर व्यवस्थापनाचे विषय. चांगल्या कॉलेजात हीच दोन वर्षं सोन्याची असतात, कारण मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटुचा खटला), वादविवाद, संशोधन यांना वेळ मिळतो. सुमार कॉलेजात तीच पोकळ जातात आणि दुसऱ्या वर्षाअखेरीस मुलं कंटाळलेली असतात. शिवाय लॅटरल एंट्री नाही. दुसरी पदवी हातात आहे म्हणून थेट तिसऱ्या वर्षाला बसू द्या, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही, आणि मध्येच सोडून अर्धं एलएल.बी. खिशात घालून बाहेर पडणंही बसत नाही.

तीन वर्षांच्या कोर्सला पहिल्याच सेमिस्टरपासून कायदाच असतो: करार, अपकृत्य, फौजदारी कायदा, कामगार कायदे. धावपळ जास्त, पण शिकणाऱ्याचं वय आणि समज पुढे गेलेली असते. आणि पहिली पदवी वाया जात नाही. बी.कॉम.वाल्याला ताळेबंद वाचता येतो, त्यामुळे चेक बाउन्सची कलम १३८ ची प्रकरणं, बँकेची वसुली, जीएसटी ही कामं त्याला जड जात नाहीत. सगळ्यात ठळक फरक पेटंटमध्ये दिसतो. पेटंट एजंट व्हायला विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसत्या बी.ए. एलएल.बी.वर ते दार उघडत नाही, बी.एस्सी. किंवा बी.ई. करून एलएल.बी. केलेल्याला उघडतं. बारावी सायन्स झालेल्या आणि रसायनशास्त्रात रमणाऱ्या मुलाला घाईने बी.ए. एलएल.बी.ला घालणं हा चुकीचा सौदा वाटतो.

म्हणून आमचं मत असं. मोठ्या लॉ फर्ममध्ये कॉर्पोरेट काम करायचं असेल आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठात नंबर लागत असेल, तर पाच वर्षांचाच रस्ता. तिथे कॅम्पसवर फर्म येतात, आणि हा फायदा तीन वर्षांवाल्याला सहसा मिळत नाही. जिल्हा कोर्टात वकिली करायची असेल आणि पाच वर्षांसाठी मिळणारं कॉलेज साधारणच असेल, तर आधी कामाची पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएल.बी. हा जास्त टिकाऊ माल. घरात वकिली आहे, सीनियर ठरलेला आहे, मुलाचं मन पक्कं आहे, तर पाच वर्षं घ्यावीत आणि सुट्ट्या ऑफिसात घालवाव्यात.

आता प्रवेश. महाराष्ट्रात दोन्ही कोर्सेसची सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो, पण परीक्षा वेगवेगळ्या आहेत. चुकीच्या परीक्षेचा फॉर्म भरून बसलेली मुलं दरवर्षी असतात. पाच वर्षांच्या पेपरात थोडं गणितही असतं, तीन वर्षांच्या पेपरात नसतं. या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तिथे उलट: १२० प्रश्न, दोन तास आणि प्रत्येक चुकीला पाव गुण वजा. क्लॅट इंग्रजीतच असते, तर राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठं क्लॅटमधून मुलं घेतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) आणि पुण्याचं आयएलएस विधी महाविद्यालय (१९२४) यांचे प्रवेश मात्र राज्याच्या सीईटीवर होतात. विधी विद्यापीठाची फी शासकीय कॉलेजच्या कित्येक पट असते, हे घरात आधीच बोलून घेतलेलं बरं.

पात्रतेचा आकडा साधा आहे. पाच वर्षांसाठी बारावीत आणि तीन वर्षांसाठी पदवीत खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, एससी-एसटींना ४०. ४४.९ म्हणजे ४५ धरतील, या आशेवर राहू नये. पण खरा खड्डा वेगळाच आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असं विचारलं की अर्धे लोक ‘नाही’ म्हणतात आणि अर्धे ‘हो’, आणि दोन्ही उत्तरं अर्धवट असतात. दहावी, बारावी रीतसर करून मग बी.ए. दूरशिक्षणाने केलं असेल तर चालतं. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला बसलेला उमेदवार मात्र बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत अडकतो. फी भरण्याआधी हा क्रम तपासा, कारण काही कॉलेजं प्रवेश देऊन मोकळी होतात आणि अडचण सनदेच्या खिडकीवर उघडी पडते.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ तीन ठिकाणी होतो. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, आणि कॅप राउंडच्या (केंद्रीय प्रवेश फेरीच्या) वेळी जुनंच प्रमाणपत्र अपलोड केलेलं असतं. जातवैधतेच्या अर्जाची नुसती पावती हातात असते आणि प्रमाणपत्र आलेलंच नसतं. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, पदवीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना हे जास्त भोवतं. राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवावी.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, वेळापत्रक मागा. नियम सांगतो की वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच व्हायचे आणि आठवड्याला ३० तास भरायचे. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी हवी. ‘नोकरी करता करता, फक्त परीक्षेला या’ असं कोणी सांगत असेल, तर ते कॉलेज मुलाला नाही, पुढच्या भानगडीला प्रवेश देतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कॉलेजांना कळवलं आहे की विद्यार्थ्याने त्याच काळात दुसरी रेग्युलर पदवी केलेली नाही, आणि नोकरी असेल तर ना-हरकत घेतलेली आहे, अशी घोषणा घ्यावी. म्हणजे दिवसभर बँकेत बसून हजेरी मस्टरवर लागण्याचे दिवस धोक्याचे झाले. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. सायबर लॉ, कामगार कायदा यांचे डिप्लोमे नोकरीत उपयोगी पडतील, पण त्यांवर काळा कोट चढत नाही.

दोन्ही कोर्सेसची सगळ्यात दुर्लक्षित बाजू म्हणजे चार प्रात्यक्षिक पेपर. त्यांतला मूट कोर्टचा पेपर असा बांधलेला आहे: तीन मूटना ३० गुण, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहिल्याच्या नोंदींना ३०, पक्षकाराची मुलाखत आणि खटल्याच्या पूर्वतयारीच्या डायरीला ३०, तोंडी परीक्षेला १०. कागदावर उत्तम योजना. प्रत्यक्षात डायरी एका वर्षाची मुलं पुढच्या वर्षाच्या मुलांना देतात आणि केसची नावं बदलून तीच फिरत राहते. इंटर्नशिपचंही तेच. तीन वर्षांत किमान १२ आठवडे, पाच वर्षांत किमान २०. शिक्क्यासाठी केली तर शिक्काच मिळतो.

खरी केली तर काय दिसतं? सकाळी बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसच्या यादीत, आपल्या केसचा नंबर शोधायचा. पुकारा झाला की सीनियरच्या मागे उभं राहायचं. वकीलपत्रावर पक्षकाराची सही, वकिलाने स्वीकारल्याची सही, सनद क्रमांक, कोर्ट फीचा स्टॅम्प, वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प. यातलं एक राहिलं की अधीक्षक कागद परत देतो आणि तारीख जाते. मनाई हुकमाच्या अर्जाला सगळं कोर्ट ‘निशाणी पाच’ का म्हणतं, समोरच्याने ‘म्हणणं’ दाखल केलं म्हणजे काय केलं, पुरसीस (कोर्टाला लेखी कळवणं) कधी द्यायची आणि अर्ज कधी, हे कुठल्याच कोर्सच्या पुस्तकात नीट सापडत नाही. खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. सातबारा, फेरफार, खरेदीखत, पंचनामा सगळं मराठीत. इंग्रजीत हुशार आणि फेरफार वाचता न येणारा ज्युनिअर दिवाणी कोर्टात पहिली दोन वर्षं चाचपडतो. याउलट उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी, म्हणून बऱ्याच विद्यापीठांत उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येत असली, तरी निदान ड्राफ्टिंगचा सराव दोन्ही भाषांत करावा.

पुस्तकं घेताना एक तारीख ध्यानात ठेवा: १ जुलै २०२४. त्या दिवसापासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले. रद्दीच्या दुकानातलं जुनं दंड संहितेचं पुस्तक स्वस्त मिळतं, आणि जुन्या खटल्यांसाठी ते लागेलही. पण परीक्षेत ३०२ लिहून खुनाचे गुण मिळत नाहीत. खून आता १०३ मध्ये आहे.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. इथे बऱ्याच जणांना अजून जुने आकडे सांगितले जातात. कायद्यातली फी खुल्या गटाला एकूण ७५० रुपये आणि एससी-एसटींना १२५ आहे, आणि ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की राज्य बार कौन्सिलांनी त्याहून जास्त नोंदणी फी घ्यायची नाही. स्टॅम्प ड्युटी वेगळी. आधी नोकरी असेल तर ती सोडल्याचं पत्र जोडावं लागतं, कारण पूर्णवेळ पगारी नोकर वकिली करू शकत नाही. सनद काढून ठेवायची आणि नोकरीही चालू ठेवायची, ही युक्ती शिस्तभंगाच्या कारवाईत संपू शकते.

मग ऑल इंडिया बार एक्झाम. १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, पास व्हायला खुल्या गटाला आणि ओबीसींना ४५ टक्के, एससी-एसटींना ४०. टिपणं नसलेला बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, आत नेता येतो. परीक्षा सोपी म्हणतात आणि तरी मुलं नापास होतात, कारण बेअर ॲक्ट पहिल्यांदा परीक्षागृहातच उघडला जातो. संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया हे सर्वाधिक वजनाचे विषय. आधी तेच पक्के करा. नोंदणीनंतर दोन वर्षांत परीक्षा पास व्हावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही परीक्षा वैध ठरवताना शेवटच्या सेमिस्टरच्या मुलांनाही ती देऊ द्यावी असं म्हटलं, आणि २०२४ मध्ये तसा आदेशच दिला. तेव्हा निकालाची वाट न पाहता फॉर्म भरावा.

न्यायाधीश व्हायचं असेल तर एक गोष्ट आणखी. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि ती तीन वर्षं तात्पुरत्या (बार एक्झाम पास होण्याआधीच्या) नोंदणीच्या तारखेपासून मोजायची आहेत. शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आली की एलएल.एम.च्या फॉर्मआधी नोंदणीचा अर्ज टाका. घड्याळ त्या तारखेला सुरू होतं.