आर्चेस की कॅनियनलँड्स? काकूंचा प्रश्न

पाचपाखाडीतल्या आमच्या शेजारच्या काकू लेकाकडे अमेरिकेला निघाल्यात. यूटा राज्यातल्या मोआब गावी एकच दिवस मिळणार, मग जवळच्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या दोन राष्ट्रीय उद्यानांपैकी बघायचं काय?

अंतरात आर्चेस सरळ जिंकतं. मोआबपासून 8 किलोमीटर. कॅनियनलँड्सचा 'आयलंड इन द स्काय' भाग साधारण 50.

खरा फरक चालण्यात आहे. आर्चेसमधल्या विंडोज, डबल आर्च या नैसर्गिक दगडी कमानी गाडीतून उतरून थोडं चाललं की समोर. पण डेलिकेट आर्चला जाऊन-येऊन 4.8 किलोमीटर, उघड्या कातळावर सुमारे 150 मीटर चढ, सावली जवळपास नाहीच. काकू, येऊरच्या झाडीतल्या फेरीवरून अंदाज बांधू नका. तिथल्या कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, पाणी कमी पडतंय हे कळतच नाही.

कॅनियनलँड्समध्ये मेसा आर्च जेमतेम 1 किलोमीटर, ग्रँड व्ह्यू पॉइंटची वाट 3, बरीचशी सपाट. कठडे मात्र फारसे नाहीत, नातवाचा हात धरूनच ठेवा.

गुडघे कुरकुरत असतील आणि दऱ्यांचा विस्तार बघायचा असेल तर कॅनियनलँड्स. कमानींखाली उभं राहायचं असेल, लहान पोरं सोबत असतील तर आर्चेस. डेलिकेट आर्च लेकावर सोडा.