मार्चएंडला शाळेत येणारी तयार फाईल

जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकषानुसार ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये, १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. ग्रंथालयाचं आणि खेळाच्या साहित्याचं अनुदान वेगळं. पैसे बरेचदा वर्ष सरता सरता खात्यावर दिसतात आणि ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर हातचे जातात. या घाईवर पोट भरणारे पुरवठादार आहेत. मुख्याध्यापकांनी तर त्यांची पद्धत ओळखावीच, पण शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनी त्याहून जास्त. सही दोघांची असते आणि पुढे वसुली निघाली की पुरवठादाराचा फोन लागत नाही.

माणूस येतो तो मोठ्या साहेबांचं नाव घेऊनच. ‘वरून सांगितलंय, शेजारच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांनी घेतलं.’ असा तोंडी आदेश कुठल्याही साहेबाचा नसतो. लेखी पत्र मागा, बोलणं तिथेच थांबतं. त्याच्या पिशवीत खरेदीसाठी लागणारी तीन दुकानांची दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, समितीच्या ठरावाचा मसुदा, बिल, सगळं टाईप करून तयार असतं. खरं तर तो हेच विकतो. कागदाच्या कामाने वैतागलेल्या शिक्षकाला ती फाईल देवासारखी वाटते आणि सोबतचा माल कोणी नीट बघत नाही.

दरपत्रकं खोटी आहेत का, हे पाच मिनिटांत कळतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. तीन लेटरहेडवर तीन नावं आणि मधली दहा अक्षरं एकच, तर तिन्ही दुकानं एकाच घरातली. पॅन वेगळे दिसले तरी जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघा. नोंदणी रद्द झालेली असते, किंवा व्यवसाय भलताच निघतो.

आता बिल. ग्रंथालयाच्या पुस्तकांचं ५,००० रुपयांचं बिल असं येतं: पुस्तकं ४,२३७, जीएसटी १८ टक्के ७६३. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. म्हणजे ७६३ रुपये सरळ लुटले, आणि ज्याला हे माहीत नाही तो पुस्तकांचा व्यापारी नव्हेच. गठ्ठा सोडून पाहिलात तर एकाच पुस्तकाच्या आठ-दहा प्रती, किमतीवर चिकटवलेलं नवं स्टिकर आणि पहिली-दुसरीच्या मुलांना स्पर्धा परीक्षेची गाईडं. स्टिकर नखाने खरवडा, खालची छापील किंमत दिसते. पुस्तकांची यादी शिक्षकांनी आधी करावी आणि दरपत्रक त्या यादीवरच मागावं. वाचनात मागे असलेल्या मुलांना कोणती पुस्तकं लागतात हे वर्गशिक्षकालाच ठाऊक असतं.

टीव्हीच्या बाबतीत बिलावर नुसतं ‘स्मार्ट टीव्ही ४३ इंची’ चालवून घेऊ नका. कंपनी, मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक बिलावर हवेत आणि ते टीव्हीच्या मागच्या पट्टीशी जुळायला हवेत. अग्निशामक नळकांडं नवं म्हणून जुनंच रंगवून देतात. आयएसआय चिन्ह, उत्पादनाचं वर्ष आणि हिरव्या पट्ट्यातला काटा बघा. पाण्याचं आरओ यंत्र घेण्याआधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून घ्या. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर क्षारांसाठी आरओची गरजच नाही. जंतूंचा प्रश्न वेगळा, त्याला साधा यूव्ही फिल्टर पुरतो.

सगळ्यात मोठा घात पैसे देताना होतो. पैसे जातात ते पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून, आणि तिथून निघणारा पीपीए म्हणजे बँकेत द्यायचा, पैसे अदा करण्याचा छापील आदेश. ‘सर, पीएफएमएसचा लॉगिन-पासवर्ड द्या, पीपीए मीच काढून देतो.’ देऊ नका. एकदा पासवर्ड गेला की कोणाच्या नावावर किती रक्कम घातली हे तुम्हाला बँकेत गेल्यावर कळणार. पीपीए शाळेने स्वतः काढावा, त्यावरचं नाव, खाते क्रमांक, रक्कम बिलाशी ताडून मगच दोघांनी सही करावी. आणि ‘माल गाडीत आहे, एप्रिलमध्ये उतरवतो’ असं म्हणणाऱ्याला सही केलेला पीपीए मुळीच देऊ नये. क्रम एकच: ठराव, दरपत्रकं, पुरवठा आदेश, माल, तपासणी, साठा नोंदवहीत नोंद, नंतर पैसे. न आलेल्या मालाची नोंद वहीत घेतली की तक्रार करायची सोयच उरत नाही, कारण माल मिळाल्याचा पुरावा तुम्हीच लिहून दिलेला असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणं हे समितीचं काम आहे, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यामुळे अध्यक्षांनी कोऱ्या किंवा आधीच लिहून आणलेल्या ठरावावर सही करू नये. पालकांनी बैठकीत बिल आणि वस्तू दोन्ही समोर मागाव्यात. त्यात कोणाचा अपमान नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी मालाचे, पट्टीचे, बिलाचे फोटो काढा. पुरवठादाराला रजिस्टर पोस्टाने माल बदलून देण्याचं पत्र पाठवा, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्या. पासवर्ड वापरून परस्पर रक्कम वळवली असेल तर वाट न बघता सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा.