एकटीसाठी अंदमान सहल: माझे ५१,४५० रुपये असे गेले

हे लिहू की नको, यात तीन आठवडे गेले. घरात अजून धाकट्या बहिणीशिवाय कुणाला माहीत नाही. पण मी जिच्यात फसले तशीच सहलीची जाहिरात परवा राजारामपुरीत एका मैत्रिणीने मला मोठ्या हौसेने दाखवली. आता गप्प बसवत नाही.

मी ५४ वर्षांची, लग्न केलं नाही. सेल्युलर जेल बघायची इच्छा वडिलांची होती, ती राहून गेली, म्हणून मला जायचं होतं. एकटीने फिरणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे: सहलीचा दर सांगतात तो दोघांत एक खोली धरून. एकटी म्हटलं की अख्ख्या खोलीचं भाडं आपल्या डोक्यावर. शाहूपुरीत दोन ठिकाणी विचारलं. एकाने ५८,००० सांगितले, दुसऱ्याने ६१,५००, वर "एखादी मैत्रीण बघा की जोडीला" हा सल्ला. आणि मोबाईलवर जाहिरात आली, 'एकट्या प्रवाशांसाठी, जादा आकार नाही, हॅवलॉकला समुद्राकाठी रिसॉर्ट, पाच रात्री, विमानासकट ३८,५००'. मी हावरट नाही. मला दोघांचे पैसे एकटीने भरायचे नव्हते, एवढंच. त्यांनी नेमकी तीच नस धरली.

डोळे मिटून पैसे दिले असंही कुणी म्हणू नये. आधी फक्त ५,००० दिले. दुसऱ्या दिवशी तिकीट आलं, कोल्हापूर ते हैदराबाद आणि पुढे श्री विजयपुरम, म्हणजे आपलं पोर्ट ब्लेअर. पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकून बघितला. माझं नाव, तारीख, वेळ, सगळं बरोबर. मग २०,००० भरले. तिकीट खरंच काढलेलं होतं हो! पण त्यावर मोबाईल आणि ईमेल त्या जाहिरातवाल्या माणसाचा होता. नंतर त्यानेच ते रद्द केलं. तिकिटावर संपर्काला तुमचा स्वतःचा नंबर नसेल तर ते तिकीट तुमचं नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरा हप्ता १३,५०० चा. सकाळची वेळ, गॅसवर दूध ठेवलेलं. यूपीआयवर रक्कम टाकली आणि वर नाव आलं ते कुठल्याशा माणसाचं, कंपनीचं नाही. पहिल्या दोन वेळी आलेलं नावही हे नव्हतं. माझा अंगठा थांबला. खरंच थांबला. मी फोन लावला. "मॅडम, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली, हा आमचा अकाउंट्सचा मुलगा. संध्याकाळपर्यंत खोली धरून ठेवलीय, मग सुटेल." दूध उतू जायला लागलं, मी एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने पिन टाकला. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या केल्या मी. एखाद्या पालकाने फी शिपायाच्या खात्यावर भरली असती तर मी ऐकून घेतलं असतं का? हे आठवलं की रात्री झोप लागत नाही.

त्यानंतर परमिटचे २,९५०. भारतीय माणसाला अंदमानच्या हॅवलॉक, नील या बेटांवर जायला परमिट लागत नाही, हे मला नंतर कळलं. शेवटी 'एकट्या महिलेसाठी सुरक्षा अनामत, परत मिळेल' म्हणून १०,०००. बिलावरचा जीएसटी नंबर मी सगळं संपल्यावर मोजला: १४ अक्षरं. लागतात १५. अंदमानचा नंबर ३५ ने सुरू होतो, हा २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. रिसॉर्टचा नंबरही मी त्याने दिलेलाच फिरवत राहिले. स्वतः शोधून रिसॉर्टला फोन केला तेव्हा कळलं, माझ्या नावाने बुकिंगच नाही.

निघायच्या चार दिवस आधी विमान कंपनीच्या साइटवर पुन्हा बघायला गेले तर 'बुकिंग रद्द'. त्याचा फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला. पण शेवटचा हप्ता जाऊन अकरा दिवस झाले होते, पैसे केव्हाच पुढे गेलेले. संशय आला की त्याच घटकेला १९३० लावा, लाज नंतर. जवळच्या पोलीस ठाण्यात गेले तर "सायबरला जा". सायबरला गेले तर "आधी तुमच्या ठाण्यातून लिहून आणा". बँकेत म्हणे एफआयआर आणा, आणि पिन तुम्हीच टाकलाय, आमची जबाबदारी नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असा नियम आहे, १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तो कलम १७३ मध्ये लिहिलेला आहे. मी तो छापून नेला होता. साहेबांनी कागद बघितलासुद्धा नाही. विचारलं काय, तर "एवढ्या लांब एकट्याच निघाला होता? घरचं कुणी नाही?" चार फेऱ्या झाल्या. बाकावर दोन-दोन तास बसले. चोराने मला 'मॅडम' तरी म्हटलं होतं. चोरी माझी झाली आणि जबाब मी एकटी का फिरते याचा द्यायचा? दोघी निघालो असतो तर पैसे परत आले असते का?

गेल्या सोमवारी एक फोन आला. माझा तक्रार नंबर त्याला पाठ. "तुमचे पैसे गोठवलेत, सोडवायचे ३,००० भरा." फसलेल्यांना हे लोक पुन्हा गाठतात. तुम्हाला आला तर एक रुपयाही देऊ नका. मी त्याचा नंबर लिहून ठाण्यात नेऊन दिला. हवालदारांनी तो कागद रजिस्टरमध्ये घातला आणि परवा या म्हणाले.