मृत्युपत्र नसेल तर: नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं एक वकील कार्यालय

जिल्हा न्यायालयाजवळचं हे छोटं कार्यालय वाटणीची कामं मनापासून करतं. फीच्या आधी वंशावळ मांडून घेतात, आणि तेच बरोबर. हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा, मुलगे, मुली आणि त्याच्या हयात आईला सारखा वाटा; घाईत आईचंच नाव सुटतं, मग फेरफारावर (मालकी बदलाच्या नोंदीवर) हरकत येते. शेताची वारस नोंद तलाठ्याकडे. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या (शहर विकासाची सरकारी संस्था) लीजवर असेल तर नामांतर तिथेही लागतं. बहिणीचं हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) नोंदणीकृतच हवं, नोटरीवर भागत नाही. सहीआधी तिला मसुदा मोठ्यानं वाचून दाखवतात, हे फार महत्त्वाचं. उणीव एकच: खर्चाचा लेखी अंदाज स्वतःहून देत नाहीत. मागून घ्या.