मास्क लावून शाळा की घरून ऑनलाइन? संमतीपत्रावर सही करायच्या आधी

कोरोनामुळे बंद असलेल्या पुण्यातल्या शाळा १ फेब्रुवारी २०२२ पासून परत उघडल्या पण संमतीपत्र दिल्याशिवाय मुलाला वर्गात घेत नव्हते, त्यामुळे आमच्या सोसायटीतले बरेच आईबाप तो कागद घेऊन बसले होते. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, आम्ही सही केली. मी काही डॉक्टर नाही, पण दोन्ही प्रकार घरात बघून झालेत म्हणून लिहितोय.

मुलांनी मास्क लावून फायदा होतो याचा पुरावा मला वाटलं होतं तेवढा ठाम नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या १६९ प्राथमिक शाळांचा २०२० च्या शेवटचा अभ्यास आहे, त्यात शिक्षकांना मास्क सक्तीचा होता तिथे कोरोनाच्या केसेस ३७ टक्के कमी, वर्गात हवा खेळती ठेवायची सोय केली तिथे ३९ टक्के कमी, पण मुलांच्या मास्कने खात्रीने सांगता येईल असा फरक दिसला नाही. अर्थात ज्या शाळा मास्कबाबत कडक असतात त्या बाकीची काळजीही घेतच असणार, त्यामुळे नक्की कशाचा फायदा झाला हे वेगळं काढणं अवघड. बांगलादेशात ६०० गावांत रीतसर प्रयोग झाला, तिथे सर्जिकल मास्कने थोडा फायदा दिसला, पण तो मोठ्या माणसांवर. म्हणून मी सही करायच्या आधी शाळेत जाऊन वर्गाच्या खिडक्या बघून आलो.

मास्कचा त्रास व्हायचाच. डब्याच्या सुट्टीपर्यंत तो ओला होऊन नाकाखाली आलेला असायचा, आणि बाई मास्कमधून श्रुतलेखन घालायच्या तेव्हा 'भात'चा 'बात' व्हायचा, मुलगी शेजारणीच्या वहीत बघून दुरुस्त करायची.

ऑनलाइनला हे काही नाही, बाईंचा चेहरा दिसतो, उच्चार नीट कळतात, आणि घरात माझी सत्तरीची आई आहे तिचीही काळजी कमी. नेटवर्क जाणं वगैरे तुम्हाला माहितीच आहे.

पण माझं मन फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. मुलीची पहिली पूर्ण घरातच झाली, रोज वहीचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि खाली बाईंचा अंगठा यायचा. चार ओळी लिहायला तिला अर्धा तास लागायचा, हात दुखतो म्हणून रडायची, आणि आम्ही तिला आळशी म्हणून रागवायचो. डिसेंबरात शाळा जेमतेम दोन-तीन आठवडे भरली तेवढ्यात बाईंनी तिच्या मागे उभं राहून बघितलं, तर ती 'क' लिहिताना आधी वरची रेघ मारायची, मग उभी रेघ खालून वर न्यायची आणि गोल शेवटी जोडायची. सगळीच अक्षरं अशी उलटी. झालेलं अक्षर फोटोत छान दिसतं हो, ते कसं काढलं ते दिसत नाही. बाईंनी हात धरून आठवडाभर गिरवून घेतलं आणि आता तेवढ्याच ओळी दहा मिनिटांत होतात. दीड वर्ष ती शेजारी बसून लिहीत होती आणि आम्हाला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

हे फक्त आमच्याच घरात झालं असं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी केली होती, ९२ टक्के मुलं भाषेतलं आधी येत असलेलं निदान एक कौशल्य विसरलेली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे फार वेगळं असेल असं वाटत नाही.

तरी प्रत्येक घर वेगळं. अशी वेळ परत आली आणि घरात कुणाची केमो चालू असेल किंवा मुलालाच मोठा आजार असेल तर ऑनलाइनच बरं, तिथे मी कुणाला आग्रह करणार नाही. नववी-दहावीचं मूल स्वतः वाचून समजून घेतं, त्याचं घरून थोडंफार निभेल, आणि १५ च्या पुढच्यांना जानेवारी २०२२ पासून लसही मिळायला लागली होती. पहिली-दुसरीतलं असेल तर मात्र मी पाठवा म्हणेन. दप्तरात पिशवीत घालून दोन जादा मास्क द्या, डबा खाल्ल्यावर बदलायला सांगा, आणि पहिल्या दिवशी सोडायला जाल तेव्हा वर्गाच्या खिडक्या खरंच उघडतात का ते स्वतः हाताने ढकलून बघा, आमच्या वर्गातली एक गंजून बसली होती, ती सांगून दुरुस्त करून घ्यावी लागली.